सही दिली म्हणून हक्क गेला नाही

पत्र

ताई, नमस्कार.

मी नाशिकला इंदिरानगर भागातल्या एका इंग्रजी शाळेत मावशी आहे. सात वर्षं झाली. पहिली चार वर्षं पगार शाळेच्या ऑफिसातून मिळायचा, पाकिटात, रोख. मग एक दिवस सगळ्या मावश्यांना आणि शिपाईमामांना बोलावलं आणि सांगितलं, आजपासून तुम्ही एजन्सीची माणसं. कागदांवर सह्या घेतल्या. काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. काम मात्र तेच राहिलं. सकाळी सातला गेट, मग वर्ग झाडायचे, बाथरूम धुवायची, लहान मुलांचं शी-शू बघायचं, डबे उघडून द्यायचे, शाळा सुटली की मुलांना बसपर्यंत सोडायचं. साडेतीनला सुटते. गॅदरिंग असलं की रात्रीचे दहा.

पगार आता बँकेत येतो. महिन्याच्या दहा तारखेला खात्यावर १२,६४० रुपये जमा होतात. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर मोटरसायकलवर येतो, स्टोअररूममध्ये एकेकीला बोलावतो आणि ४,५०० रुपये रोख परत घेतो. मामांकडून ३,००० घेतो. आम्ही नऊ जणी आहोत. एकीने विचारलं तर म्हणाला, वरपर्यंत द्यावे लागतात. पुढच्या महिन्यात तिला घरी बसवलं. मे महिन्याचा पगार नसतो, पण मेमध्ये दहा-बारा दिवस बोलावून बाकं आणि पंखे धुवून घेतात. पगाराची चिठ्ठी कधी हातात आली नाही.

माझी मुलगी बारावीला आहे. तिला क्लास लावता आला नाही. तिनेच हिशेब करून दाखवला तेव्हा मला रडू आलं. पण आम्ही मस्टरवर पूर्ण रकमेपुढे सही करतो. पूर्ण पगार मिळाला म्हणून सही केली आणि आता मिळाला नाही म्हटलं, तर मीच खोटी ठरेन ना? चेअरमनसाहेब सांगतात, शाळा हा धंदा नाही, सेवा आहे. मग किमान वेतनाचा कायदा आमच्यासारख्यांना लागतो तरी का? माझी जाऊ दिंडोरीकडे झेडपीच्या शाळेत खिचडी शिजवते, तिला तर माझ्यापेक्षाही कमी मिळतं. हे पत्र आमच्याच शाळेतल्या पहिलीच्या टीचरने लिहून दिलंय. नाव छापू नका.

एक मावशी, नाशिक

उत्तर

ताई, सगळी शाळा तुम्हाला मावशी म्हणते. तुम्ही मला ताई म्हणालात, म्हणून मीही तुम्हाला ताईच म्हणते.

तुमचा जीव ज्या प्रश्नात अडकलाय त्याचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही खोट्या ठरत नाही. मस्टरवरच्या सहीने तुमचा हक्क गेलेला नाही. आपल्याला मिळायच्या रकमेवर कामगाराने लेखी पाणी सोडलं, तरी तो करार रद्दबातल असतो. वेतन संहितेच्या, म्हणजे पगाराच्या जुन्या कायद्यांच्या जागी आलेल्या नव्या कायद्याच्या, कलम ६० मध्ये हे सरळ लिहिलं आहे, आणि जुन्या किमान वेतन कायद्यातही तशीच तरतूद होती. कामगाराला सही द्यावीच लागते, नाही दिली तर चूल पेटत नाही, हे कायदा करणाऱ्यांना पुरतं माहीत होतं. तुम्ही चोरी लपवायला सही केली नाहीत. नोकरी टिकवायला केलीत.

आता ते ४,५०० रुपये. सुपरवायझर त्याला काहीही नाव देवो, कायद्यात त्याला एकच नाव आहे, ते म्हणजे कपात. कामगाराने मालकाला किंवा मालकाच्या माणसाला दिलेली कोणतीही रक्कम पगारातून केलेली कपातच समजायची, असं वेतन संहितेचं कलम १८ म्हणतं. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही हे वाक्य होतं. म्हणजे पगार एका हाताने द्यायचा आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचा, ही युक्ती तेव्हाही चालत होती आणि तेव्हाच तिचा बंदोबस्त केला होता. पगारातून काय कापता येतं त्याची यादी कायद्यात आहे: गैरहजेरीचे दिवस, पीएफ, घेतलेली उचल, असंच. ‘वरपर्यंत द्यावे लागतात’ या नावाची कपात त्या यादीत नाही. ते पैसे खरोखर वर जातात की सुपरवायझरच्याच खिशात राहतात, याचा शोध घेत बसू नका. तुमच्या हातून गेले, एवढं तुमच्यासाठी पुरे.

आणखी एक बघा. खात्यावर पूर्ण रक्कम टाकायची आणि मग माणूस पाठवून परत न्यायची, एवढा खटाटोप एजन्सी का करते? कारण किमान वेतनाचा दर तिला नीट ठाऊक आहे आणि कागदावर तो दिसायला हवा आहे. त्यामुळे तुमच्या कामाचा दर किती यावर तुम्हाला फारसं भांडावं लागणार नाही. तो एजन्सीने स्वतःच बँकेमार्फत लिहून दिला आहे.

भांडण होईल ते रोख परत गेली की नाही यावर, आणि तयारी तिथेच हवी. पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. पण ते बँकेची नोंद पुढे करतील आणि हात झटकतील. मग पैसे परत गेले हे दाखवायचं काम आपल्यावर येतं. बायका इथेच खचतात, ‘रोखीचा कुठे पुरावा असतो’ म्हणतात. पुरावा असतो, पण तो विखुरलेला असतो आणि आपल्या घरातच असतो.

तुमचं पासबुक काढा. दहा तारखेला पगार जमा, दहा-अकराला एटीएममधून पैसे काढले, असं प्रत्येक महिन्याला दिसेल. एकटीच्या पासबुकाने फार काही ठरत नाही, घरखर्चाला काढले असतील असं कुणीही म्हणेल. पण नऊ जणींची पासबुकं शेजारी शेजारी ठेवून बघा. त्याच दिवशी, शाळेजवळच्या त्याच एटीएममधून, तेवढीच किंवा त्याच्या आसपासची रक्कम, महिनोन्‌महिने. नऊ घरांना एकाच दिवशी सारखाच खर्च येत नाही. हा कागद फार बोलका ठरतो. म्हणून बँकेत जाऊन तीन वर्षांचं स्टेटमेंट मागा, पासबुकावर मधल्या नोंदी कधी कधी एकत्र करून छापतात.

दुसरा पुरावा भिंतीवर आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका कंत्राटदाराकडे सफाईचं काम करणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांचंही असंच, महिन्याला ३,००० परत. वही नाही, डायरी नाही. बोलता बोलता त्या म्हणाल्या, दुधाचा खाडा लिहिते तिथे लिहिलंय. दुसऱ्या दिवशी पिशवीतून दोन वर्षांची कॅलेंडरं घेऊन आल्या. तारखांच्या चौकोनांत दुधाच्या फुल्या, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, मुलाच्या डोसाची तारीख, आणि दर महिन्याला एका चौकोनात बारीक अक्षरात ‘परत ३०००’. कुठे निळी शाई, कुठे शिसपेन्सिल, एका पानावर फोडणीच्या तेलाचा डाग अक्षरांवरून पसरलेला. सुनावणीत समोरचा वकील म्हणाला, हे सगळं काल रात्री बसून लिहिलं असेल. अधिकाऱ्यांनी पानं उलटली, तो डाग बोटाने चाचपून पाहिला आणि त्या वकिलाकडे नुसतं बघितलं. पुढे तडजोड होऊन त्यांना फरकाचे पैसे मिळाले. तुम्ही आजपासून लिहायला लागा: तारीख, रक्कम, कुठे दिले, कोण सोबत होतं. मागचं आठवून लिहायचं तर वेगळ्या कागदावर लिहा आणि वर ‘आठवणीने लिहिलेलं’ असं स्पष्ट लिहा. जुन्या कॅलेंडरवर मागाहून एक अक्षरही घालू नका. एक खोटी नोंद सापडली तर खऱ्या पन्नास वाया जातात.

सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेलच. ‘उद्या सगळ्यांनी तयार ठेवा’ असले निरोप पुसू नका. फोन बदलला तर आधी ते जपून घ्या. शाळेचं जुनं ओळखपत्र, एजन्सी येण्याआधीच्या एखाद्या पाकिटावर नाव-रक्कम लिहिलेली असेल तर ते पाकीट, शिक्षकदिनाला शाळेने काढलेला तुमचा फोटो, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि ती पिशवी शाळेत नेऊ नका.

पीएफचं बघा. मुलीला सांगा, उमंग अ‍ॅपवर तुमचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर घालून यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, शोधता येतो. त्यात पासबुक निघालं, तर एजन्सीने तुमचा पगार किती दाखवला आणि त्यावर किती भरणा केला ते महिन्यागणिक दिसेल. पासबुकच निघालं नाही, तर तेही लिहून ठेवा. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या एजन्सीला पीएफ चुकत नाही, आणि शाळांना तर तो १९८२ पासून लागू आहे. पगार २१,००० च्या आत आणि एजन्सीकडे दहा किंवा जास्त माणसं असतील, तर ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्डही मागा. पगाराच्या पाऊण टक्का रक्कम तुमच्याकडून कापतात, सव्वातीन टक्के मालक भरतो. त्या कार्डावर सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात तुमच्यासकट घरच्यांनाही उपचार मिळतात.

आता चेअरमनसाहेबांच्या ‘सेवे’कडे वळते. हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण त्यात थोडं खरं असतं. शाळा चालवणं सोपं नाही, आणि लहान संस्थांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे. पण सेवा करायची तर ती स्वतःच्या खिशातून करावी. बाथरूम धुणाऱ्या बाईच्या खिशातून करू नये. कोर्टानेही हे कधीच मान्य केलेलं नाही. क्राउन अ‍ॅल्युमिनियमच्या १९५७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जो उद्योग आपल्या कामगारांना किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. ऐपत नाही, ही सबब तिथे चालत नाही. आणि १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे संविधानाच्या कलम २३ ने बंदी घातलेली वेठबिगारी. तिथे मालकाने बंदूक रोखलेली असायला लागत नाही. पोटाची गरजही माणसाला वेठीला धरते, असं न्यायमूर्ती म्हणाले.

किमान वेतन म्हणजे काय, हेही सांगते, कारण ‘कमीत कमी जगण्यापुरतं’ असं म्हणून लोक मोकळे होतात. या कायद्याचं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार खात्याचे सदस्य असताना ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत हिशेब ठरला: एका कमावत्याच्या घरात खाणारी तोंडं तीन धरायची, प्रत्येकाला दिवसाला २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, इंधन, दिवाबत्ती. पुढे १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात आणखी पंचवीस टक्क्यांची भर घालायला सांगितली. कशासाठी, तर मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य. मुलांचं शिक्षण, ताई. बारावीच्या मुलीच्या क्लासची फी ही चैन नाही. किमान वेतन मोजताना ती धरायची, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. दर महिन्याला स्टोअररूममध्ये जे ४,५०० तुम्ही मोजून देता, त्यात ती फी जाते.

कायदा लागतो का, याचंही उत्तर राहिलं. १९४८ चा कायदा फक्त सरकारी अनुसूचीत नाव असलेल्या कामांना लागायचा. त्यामुळे शाळा त्यात बसते की नाही असा काथ्याकूट करायला संस्थांना जागा मिळायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता अमलात आली आणि अनुसूचीची अट गेली. किमान वेतन आता सगळ्याच कामांना आहे. १९९६ मध्ये हरियाणाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना जुन्या किमान वेतन कायद्याबाहेर ठेवलं, कारण शिकवणं हे अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम नाही. झाडू-पोछा, गेटवर उभं राहणं आणि मुलांना बसपर्यंत सोडणं हे मात्र अंगमेहनतीचंच काम आहे. शिवाय तुमची एजन्सी तर उघड उघड धंदाच करते, तिच्या तोंडी सेवेची भाषाही नाही.

दराचं एवढं लक्षात ठेवा. आपल्याकडे कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी वर्गवारी आहे आणि भागाप्रमाणे परिमंडळं आहेत. मूळ वेतनावर विशेष भत्ता मिळतो आणि तो दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. तुमच्या खात्यावरची रक्कम वर्षानुवर्षं १२,६४० वरच थांबली असेल, तर तिथेही पाणी मुरतंय. चालू दरपत्रक कामगार उपआयुक्तांच्या नाशिकच्या कार्यालयात मागा, ते सगळ्यांसाठी खुलं असतं.

इथे दुसऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट. अनुदानित शाळांत शासनाने ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने शिपायाची पदं गोठवून त्याजागी ‘शिपाई भत्ता’ आणला: मुंबई-पुण्यात १०,०००, इतर महापालिकांत ७,५००, ग्रामीण भागात ५,०००. काही मुख्याध्यापक हा आकडा दाखवून ‘सरकारच एवढं देतं’ म्हणतात. सरकार शाळेला काय देतं आणि शाळेने माणसाला किती द्यायचं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माणूस पूर्ण वेळ राबवला तर पगारही पूर्ण वेळाचाच द्यावा लागतो. हा निर्णय काढताना तो आकडा कुणाच्या जगण्याला पुरेल याचा विचार झाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्याकडे येते. शाळा म्हणेल, ही आमची माणसं नाहीत, एजन्सीची आहेत. म्हणून कामगार खात्याकडे पगाराच्या फरकाचा जो अर्ज कराल त्यात दोघांची नावं घाला, एजन्सीचं आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेचंही. एजन्सीने पगार बुडवला तर ज्या आस्थापनेत माणूस काम करतो तिच्या मालकावर तो देण्याची जबाबदारी येते, हे संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. संस्थेचं नाव आलं की तडजोडीला सगळ्यांना वेळ मिळतो, हा माझा अनुभव आहे.

पहिल्या चार वर्षांचा मुद्दा मोठा आहे. मान्यताप्राप्त खासगी शाळेतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा सेवाशर्ती कायदा आणि त्याचे १९८१ चे नियम लागू आहेत. आपल्याच माणसांना रातोरात एजन्सीची करून टाकणं हा देखावा आहे, असा दावा करता येतो. पण ती लढाई लांबते आणि तिला वकील लागतो. पगाराच्या फरकाचा अर्ज तिच्यासाठी अडवून ठेवू नका.

मे महिन्याचं असं करा. ज्या दहा-बारा दिवसांत बाकं आणि पंखे धुतले, त्या दिवसांची मजुरी अर्जात घालाच, त्यावर कुणालाही तोंड उघडता येणार नाही. गॅदरिंगच्या रात्रींच्या जादा तासांचा दर दुप्पट असतो, तेही घाला. मामांकडून ३,००० आणि तुमच्याकडून ४,५०० का, हे वेगळं मांडा. सारख्या कामाला बाईमाणसाला कमी पगार देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा आणि चिठ्ठी मिळायला हवी, या दोन ओळी शेवटी टाका.

आता हिशेब. मे सोडून वर्षाचे अकरा पगार, म्हणजे वर्षाला ४९,५०० रुपये. एजन्सी आल्यापासूनच्या तीन वर्षांचे १,४८,५००. तुम्हा नऊ जणींचे मिळून महिन्याला ४०,५००. अधिकारी फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतात. दहापट सहसा मिळत नाही, त्या आशेवर राहू नका, पण समोरच्याला ती भीती असते आणि ती कामाला येते. नवीन संहितेत दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती फक्त सहा महिन्यांची होती, आणि नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या महिन्यांना कुठली मुदत धरायची हा वाद समोरचा वकील काढणारच. म्हणून थांबू नका. एकेक महिना जातो तसा मागचा एकेक महिना हातून निसटू शकतो.

फौजदारी तक्रार करावी का, असं बायका मला नेहमी विचारतात. कमी पगार दिल्याबद्दल ५०,००० पर्यंत दंड आहे, पाच वर्षांत पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. पण दंड सरकारजमा होतो, तुमच्या हातात येत नाही. माझा कौल फरकाच्या दाव्याकडे आहे. त्यात ठरलेले पैसे मालकाने दिले नाहीत, तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होतात.

राहिली भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, विचारणाऱ्या बाईला घरी बसवलेलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून एकटीने जाऊ नका आणि सुपरवायझरशी स्टोअररूममध्ये वाद घालू नका. नऊ जणींचा मिळून एकच अर्ज चालतो. नोंदणीकृत युनियनच्या सभासद झालात तर अर्ज युनियनही करू शकते, मग पहिलं नाव तुमचं नसतं. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे नाशिकला कामगार चळवळ जुनी आहे. तुमच्यापैकी कुणाचा तरी नवरा, दीर किंवा भाऊ कंपनीत असेल, त्याला विचारा, तो बरोबर माणसापर्यंत पोचवेल. सगळ्या नऊ जणी येणार नाहीत हेही धरून चला. चार आल्या तरी पुरे, आणि ज्या येणार नाहीत त्यांच्यावर रागवू नका, त्यांच्या घरात काय आहे ते त्यांनाच माहीत. ज्या बाईला काढलं तिला मात्र आधी भेटा. तिच्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही आणि तिचा जबाब सगळ्यात मोलाचा आहे. कामावरून काढल्यावर कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता करावा लागतो. तिचा केला का, तेही विचारा.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आधारकार्ड आणि ती प्लास्टिकची पिशवी घेऊन जा.

तुमच्या जावेचं दुखणं वेगळं आहे. खिचडी शिजवणाऱ्यांना सरकार कामगार मानत नाही, मदतनीस मानतं आणि पगाराऐवजी मानधन देतं. केंद्राने ठरवलेलं मानधन २००९ पासून महिन्याला १,००० रुपये आहे, तेही वर्षातल्या दहा महिन्यांचं. राज्य त्यात आपली भर घालतं. डिसेंबर २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या अशाच एका स्वयंपाकी बाईच्या अर्जावर एवढ्याशा पैशात राबवून घेणं ही वेठबिगारी आहे असं म्हटलं. त्या निकालाचा आधार जिल्ह्यातल्या शालेय पोषण आहार कर्मचाऱ्यांच्या संघटनेला मागता येईल. तिने एकटीने अर्ज करून फार काही होणार नाही, तिने संघटनेतच जावं.

आणि ज्या टीचरने हे पत्र लिहून दिलं, त्यांना माझा निरोप द्या. अक्षर सुंदर आहे, एकही रक्कम चुकलेली नाही. त्यांच्या स्वतःच्या पगाराबद्दल मात्र पत्रात एक शब्दही नाही. त्यांना जुन्या किमान वेतन कायद्याचा रस्ता नव्हता, पण १९७७ चा कायदा त्यांच्यासाठीच आहे. नेमणूकपत्र मिळालं का, किती रकमेवर सही करतात आणि हातात किती येतात, हे त्यांनी मला कळवावं. त्यांचंही नाव छापणार नाही.